आजऱ्याला रेल्वे का नाही? आणि रूळ न टाकताही आजरा रेल्वेच्या जवळ कसा येईल?

आजऱ्यातल्या कुणालाही विचारा, 'तुमचं जवळचं रेल्वे स्टेशन कोणतं?' एकच उत्तर मिळणार नाही.

मुंबईला जाणारा म्हणेल कोल्हापूर. हुबळी, बेंगळुरूकडे जाणारा बेळगाव सांगेल. गोवा, मंगळूर, केरळ गाठायचं असेल तर सावंतवाडी रोड. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. कोणत्या रस्त्याने जाता त्यानुसार ही तिन्ही स्टेशनं आजऱ्यापासून साधारण साठ ते पंच्याऐंशी किलोमीटरवर आहेत. म्हणजे आजरा तीन रेल्वेमार्गांच्या मधोमध आहे, पण एकाच्याही काठावर नाही.

'आमच्याकडे रेल्वे कधी येणार?' हा प्रश्न दक्षिण कोल्हापुरात प्रत्येक निवडणुकीत निघतो. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर आधी सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागतं आणि मग आंबोली घाटात उतरावं लागतं. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घेऊ. रेल्वे येणं आणि रेल्वेपर्यंत नीट पोहोचता येणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला हजारो कोटी रुपये लागतात. दुसऱ्याला मुख्यतः एक चांगलं वेळापत्रक लागतं. आजऱ्यात चर्चा मात्र पहिल्याचीच जास्त होते.

कोल्हापुरात रेल्वे आली, ती पुढे का सरकली नाही?

कोल्हापूरची रेल्वे संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधली. 1888 मध्ये या मार्गाची पायाभरणी झाली आणि 1891 मध्ये मिरज ते कोल्हापूर गाडी धावू लागली. लांबी 29 मैल, म्हणजे साधारण 47 किलोमीटर. मार्ग संस्थानाचा, पण गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वे या कंपनीकडे होतं. सुरुवातीला हा मार्ग मीटरगेज होता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो ब्रॉडगेज झाला.

हा फाटा कोल्हापुरात संपतो. आजही कोल्हापूरचं छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे शेवटचंच स्टेशन आहे. पुढे रूळ नाहीत.

त्यामुळे जिल्ह्याचं चित्र असं दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यात 12 तालुके आहेत. रूळ जातात ते शिरोळ, हातकणंगले आणि करवीर या 3 तालुक्यांतून. उरलेल्या 9 तालुक्यांत रेल्वे नाही. आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड, राधानगरी, कागल, पन्हाळा, शाहूवाडी आणि गगनबावडा हे सगळे त्यात येतात. म्हणजे आजरा अपवाद नाही. कोल्हापूर जिल्ह्यात रेल्वे असलेला तालुका हाच अपवाद आहे.

संस्थानी काळात आजरा इचलकरंजी जहागिरीचा भाग होता. त्या वेळी रेल्वे जायची ती मोठी बाजारपेठ, लष्करी छावणी किंवा बंदर यांना जोडायला. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा असा मार्ग झाला आणि लोंढ्यापुढे कॅसलरॉकवरून गाडी थेट गोव्याच्या मुरगाव बंदरात उतरली. आजरा या मार्गाच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कडेला राहिला. त्याच्या पलीकडे कोकण होतं, पण तिकडे उतरायचं म्हणजे घाट आला.

घाट रस्त्याला जमतो, रुळाला का जमत नाही?

रेल्वेचं लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं. दोन्ही गुळगुळीत आणि टणक. त्यामुळे घर्षण फार कमी. सपाट जमिनीवर हाच रेल्वेचा सगळ्यात मोठा फायदा आहे. हजार टनांची गाडी एकदा चालू लागली की ती सावकाश वेगाने चालती ठेवायला जेमतेम दोन-तीन टनांचा जोर पुरतो. एवढं वजन ट्रकमध्ये भरून न्यायचं तर कितीतरी जास्त इंधन जळेल.

पण चढ आला की हाच फायदा उलटतो. समजा चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर गाडी 1 मीटर वर जाते. डोळ्यांना हा चढ फारसा जाणवणारही नाही. पण याच चढावर त्याच हजार टनांच्या गाडीला फक्त वर चढण्यासाठी सुमारे 27 टनांचा जादा जोर लागतो. दहापट! शिवाय गुळगुळीत रुळावर इंजिनाची चाकं जागच्या जागी घसरण्याची भीती असते. उतरताना ब्रेकचा प्रश्न त्याहून गंभीर.

म्हणूनच मुंबईहून पुण्याला येणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिला मागून ढकलायला जादा इंजिनं लावली जातात. कर्जत ते लोणावळा हा भोर घाट 1863 मध्ये खुला झाला. तो बांधताना अपघात आणि रोगराईत हजारो मजूर मेले. त्याचा चढ 1:37 आहे. कसाऱ्याचा थळ घाटही तेवढाच तीव्र आणि गोव्याकडे उतरणारा, दूधसागर धबधब्याजवळून जाणारा ब्रागांझा घाटही तसाच. भारतात मोठ्या रुळाच्या गाड्यांसाठी हा चढ जवळजवळ टोकाचा मानला जातो.

आता हे गणित आंबोलीला लावून बघू. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. घाट उतरून दाणोलीच्या बाजूला आलं की आपण जवळपास सहाशे मीटर खाली आलेले असतो. डांबरी रस्ता हा उतार दहा-बारा किलोमीटरच्या वळणांत संपवतो, म्हणजे सरासरी 1:20 च्या आसपास. एसटीची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत का होईना, पण चढते.

रेल्वेला हेच सहाशे मीटर चढायला किती लांबी लागेल?

चढ 1:37 ठेवला तर सलग 22 किलोमीटर. तोही फक्त जादा इंजिनं लावून.

चढ 1:100 ठेवला तर 60 किलोमीटर.

आणि कोकण रेल्वेचा नियम, म्हणजे जास्तीत जास्त 1:150 ठेवला तर 90 किलोमीटर.

हा ढोबळ हिशेब आहे, पण अडचण कुठे आहे ते त्यातून कळतं. सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरचं अंतर रुळाला डोंगराच्या कुशीत फिरवून फिरवून काही पटींनी वाढवावं लागेल. रस्त्यासारखं 'यू' वळण रुळाला घेता येत नाही. मग उरतात ते बोगदे आणि उंच पूल. त्यात आंबोली महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, निसरडी माती, कोसळणाऱ्या दरडी. शिवाय हे जंगल जैवविविधतेसाठी जगभर ओळखलं जातं. आजऱ्यातून वाहणारी हिरण्यकेशी नदी आंबोलीत जिथे उगम पावते, तिथल्या कुंडात माशाची एक नवी प्रजाती सापडली आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. इथे बोगदा खणायचा तर फक्त पैशाचा प्रश्न उरत नाही.

आणखी एक गोष्ट. भोर घाट आणि ब्रागांझा घाट यांच्यामध्ये साडेतीनशे किलोमीटरहून अधिक सह्याद्री पसरलेला आहे. या सगळ्या पट्ट्यात कोकण आणि देश यांना जोडणारा एकही रेल्वेमार्ग आजवर झालेला नाही. 1888 मध्ये मुरगावची गाडी सुरू झाली, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ती किनाऱ्याला समांतर गेली. घाट चढून वर कुणी आलं नाही.

मग आजरा जगाशी जोडला कसा गेला?

रस्त्याने.

रेल्वेच्या आधी या भागाचा महत्त्वाचा मार्ग होता वेंगुर्ला बंदर ते बेळगाव. बेळगावात इंग्रजांची छावणी होती आणि तिथला माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा. आंबोली हे या वाटेवरचं मुक्कामाचं ठिकाण म्हणूनच वाढलं. बैलगाड्यांचे तांडे, मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणि धान्य, गूळ, कापूस खाली. पुढे रेल्वेने बेळगाव आणि मुरगाव गाठलं तेव्हा या व्यापाराचा मोठा भाग रुळांकडे वळला. वेंगुर्ल्याचं महत्त्व कमी झालं आणि घाटवाटेवरची वर्दळही.

मग आली मोटार आणि पुढे एसटी. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि सरकारी बसचं जाळं इकडेही पसरत गेलं. आज राज्य परिवहन महामंडळाच्या कोल्हापूर विभागात 12 आगारं आहेत. आजरा त्यातलं एक.

एसटीने फक्त माणसं आणली नाहीत. मोबाईल येण्याआधी बाहेरच्या जगाची बातमी आजऱ्यात यायची ती बहुतेक वेळा एसटीच्या टपावरून किंवा चालकाच्या मागच्या जागेतून. टपालाच्या पिशव्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, औषधांची खोकी, शहरात शिकणाऱ्या पोरासाठी घरचा डबा, हे सगळं एकाच गाडीत असायचं.

मनीऑर्डर हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या पट्ट्यातून मुंबईच्या कापड गिरण्यांत गेलेल्यांची संख्या मोठी होती. गिरणगावातल्या टपाल कचेरीत पैसे भरले की मनीऑर्डरचा फॉर्म रेल्वेच्या टपाल डब्यातून निघायचा. या डब्यात रात्रभर चालत्या गाडीत पत्रांची वर्गवारी व्हायची. तिथून पुढचा प्रवास बसचा आणि शेवटचा पोस्टमनच्या पायांचा. फॉर्मच्या खाली मजकुरासाठी थोडी जागा असायची. 'पैसे पाठवले आहेत, आईच्या औषधाला वापरा' एवढं त्यात मावायचं. अनेक घरांत महिन्याचा खर्च आणि महिन्याची खुशाली एकाच कागदावर यायची.

ही व्यवस्था चालायची कारण गाडी आणि बस एकमेकींसाठी थांबत. रेल्वेची टपाल पिशवी उतरली की ती घेणारी गाडी ठरलेली असायची. पत्राला स्टेशनबाहेर 'पुढची बस कधी?' असं विचारत उभं राहावं लागत नव्हतं.

तार सेवा 2013 मध्ये बंद झाली, जुनी मनीऑर्डर 2015 मध्ये. पैसे आणि निरोप आता फोनवर येतात. पण माणूस फोनमधून येत नाही. पत्राला जी सोय होती, ती प्रवाशाला कधीच मिळाली नाही.

तीन स्टेशनं, पण जबाबदारी कुणाची?

आजऱ्याची खरी अडचण इथे आहे.

कोल्हापूर स्टेशन मध्य रेल्वेचं. बेळगाव दक्षिण पश्चिम रेल्वेचं. सावंतवाडी रोड कोकण रेल्वे महामंडळाचं. तिन्हींची मुख्यालयं वेगळी, वेळापत्रकं वेगळी. या स्टेशनांपर्यंत नेणारी बस कधी महाराष्ट्राच्या एसटीची, तर बेळगावच्या बाजूला कर्नाटकच्या वायव्य परिवहन महामंडळाचीही. म्हणजे तीन रेल्वे आणि दोन राज्यांच्या बस. यातल्या प्रत्येकाचं काम आपली गाडी आपल्या वेळेवर सोडणं. एका गाडीतून उतरलेला माणूस दुसऱ्या गाडीत वेळेत बसला का, हे बघणं मात्र यांतल्या कुणाच्याच कामात येत नाही.

त्यात जागांचाही फरक आहे. कोल्हापुरात मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. बेळगावात बसस्थानक एका भागात आणि स्टेशन दुसऱ्या. सावंतवाडी रोड स्टेशन तर शहराबाहेर, काही किलोमीटर दूर. आजऱ्याहून घाट उतरून सावंतवाडीच्या स्थानकात पोहोचलेल्या माणसाला पुन्हा रिक्षा शोधावी लागते. रात्रीची वेळ असेल तर रिक्षाचं भाडं कधी कधी एसटीच्या तिकिटाइतकं होतं.

सीमेचाही प्रश्न आहे. गडहिंग्लज भागातून निपाणीमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी वाटेत काही अंतर कर्नाटकातून धावते. सीमाप्रश्न पेटला की दोन्ही राज्यांच्या बस थांबवल्या जातात. डिसेंबर 2022 मध्ये आणि फेब्रुवारी 2025 मध्ये हे घडलं. तेव्हा भांडण असतं दोन राज्यांचं आणि गाडी चुकते ती कॉलेजच्या पोराची किंवा दवाखान्यात निघालेल्या म्हातारीची.

पंधरा मिनिटं थांबायचं की दोन तास?

समजा एका स्टेशनवर दर दोन तासांनी बस सुटते आणि तिच्या वेळेचा रेल्वेशी काही संबंध नाही. मग गाडीतून उतरणाऱ्याला कधी पाच मिनिटं थांबावं लागेल, कधी एक तास पंचावन्न मिनिटं. सरासरी काढली तर एक तास. हाच तास कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक, बस दुप्पट करा. त्यासाठी गाड्या, चालक, वाहक, डिझेल सगळं दुप्पट लागेल आणि तरी सरासरी अर्धा तास थांबावं लागेलच. दुसरा मार्ग, आहे तीच बस गाडी आल्यावर पंधरा मिनिटांनी सोडा. खर्च जवळपास तोच आणि प्रतीक्षा पंधरा मिनिटं.

वाहतूक नियोजनातली ही फार जुनी आणि फार दुर्लक्षित युक्ती आहे. ती सगळ्यात काटेकोरपणे राबवली स्वित्झर्लंडने. तो देशही डोंगराळ आहे, तिथेही प्रत्येक गावात रेल्वे जाऊ शकत नाही. तिथे 1 जून 1906 ला टपाल खात्याने बर्नहून जवळच्या एका गावाला मोटार बस सुरू केली. टपाल आणि प्रवासी एकाच गाडीत. आजही पिवळ्या रंगाच्या त्या टपाल बस डोंगरातल्या गावांत जातात.

1982 मध्ये स्वित्झर्लंडने देशभर ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक आणलं. 1987 मध्ये लोकांनी मतदान करून 'रेल्वे 2000' या मोठ्या योजनेला मंजुरी दिली आणि 2004 च्या डिसेंबरमध्ये तिचा मुख्य टप्पा सुरू झाला. कल्पना साधी होती. मोठ्या स्टेशनवर सगळ्या दिशांच्या गाड्या साधारण एकाच वेळी येतील, काही मिनिटं थांबतील, लोक गाडी बदलतील आणि सगळ्या गाड्या पुन्हा सुटतील. गावाकडे जाणारी बसही त्याच ठेक्यात. आधी लोकांना किती वेळात कुठे पोहोचवायचं ते ठरवलं आणि मग त्यासाठी कुठला मार्ग सुधारायचा ते.

आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी मार्गाची घोषणा, मग भूमिपूजन आणि माणूस स्टेशनबाहेर पडल्यावर पुढे कसा जाईल हा विचार सगळ्यात शेवटी.

आजरा स्वित्झर्लंड नाही, हे खरंच. आपल्या गाड्या उशिरा येतात, घाटात दरड पडते, एसटीकडे चालक कमी असतात. पण कल्पना वापरायला दर तासाला गाडी असायलाच हवी असं नाही. मुंबईहून रात्री निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी कोल्हापुरात येते. रात्री निघालेली कोकणकन्या सकाळी सावंतवाडीत पोहोचते. दिवसातून एकदाच येणाऱ्या अशा गाडीला एक बस जोडून देणं अवघड नसावं.

आजऱ्यापुरतं काय करता येईल?

एक, नावाने ओळखली जाणारी जोडबस. बसच्या पाटीवर फक्त 'आजरा' न लिहिता ती कोणत्या गाडीसाठी आहे तेही लिहायचं. एसटीच्या पाट्या वाचायला महाराष्ट्र सरावलेला आहे. 'मार्गे' हा एक शब्द किती माहिती देतो! 'मार्गे उत्तूर' की 'मार्गे गडहिंग्लज' यावरून अख्खा प्रवास कळतो. त्याच पाटीवर 'महालक्ष्मी जोड' असं दिसलं तर मुंबईहून येणाऱ्याला चौकशी खिडकीशी जावंच लागणार नाही.

दोन, थांबण्याचा नियम. गाडी उशिरा आली तर बस किती मिनिटं थांबेल, हे आधीच ठरवून लिहून ठेवायचं. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. आज हा निर्णय वाहतूक नियंत्रकाच्या किंवा चालक-वाहकाच्या भल्या मनावर सोडलेला असतो. रेल्वेची गाडी कुठवर आली हे आता मोबाईलवर कळतं, त्यामुळे हा नियम पाळणं पूर्वीपेक्षा सोपं आहे.

तीन, बस स्टेशनच्या दारात. सावंतवाडीसारख्या ठिकाणी ठरावीक फेऱ्या शहरातल्या स्थानकाऐवजी स्टेशनपर्यंत न्यायच्या. काही किलोमीटरचं डिझेल जास्त जाईल, पण गाडी भरलेली जाईल.

चार, वेळापत्रक खुलं करणं. जगभरात बसची वेळापत्रकं एका ठरावीक डिजिटल नमुन्यात प्रसिद्ध केली जातात. जीटीएफएस नावाचा हा नमुना 2005 च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा आणि गुगल यांनी मिळून सुरू केला. वेळापत्रक या नमुन्यात दिलं की कोणतंही नकाशाचं ॲप ते वाचू शकतं. म्हणजे दादरमध्ये बसून 'पेरणोलीला कसं जाऊ?' विचारलं तर रेल्वे, आजऱ्याची बस आणि आजऱ्याहून गावाची बस हे तिन्ही टप्पे एका ओळीत दिसू शकतात.

पाच, शेवटची गाडी. आजऱ्यात पोहोचलं म्हणजे घरी पोहोचलं असं नाही. गवसे, किटवडे, पेरणोली किंवा उत्तूरच्या आसपासच्या वाड्यांवर जाणाऱ्याला पुढची गाडी हवी. मोठी बस वेळेवर आली आणि गावाची मुक्कामी एसटी पाच मिनिटं आधी निघून गेली, तर सगळी जोडणी वाया.

यात अडचणी नाहीत का?

आहेत. एसटी महामंडळ वर्षानुवर्षं तोट्यात आहे. कमी प्रवासी असलेली फेरी बंद करणं हा खर्च वाचवायचा सोपा उपाय वाटतो आणि पहिली कुऱ्हाड वाडी-वस्तीच्या गाडीवर पडते. गाडी अनियमित झाली की लोक दुचाकी घेतात किंवा वडापने जातात. प्रवासी कमी झाले की फेरी आणखी तोट्यात जाते. हे चक्र तोडणं सोपं नाही.

बस नसेल तर काय होतं, हे नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 या काळात महाराष्ट्राने पाहिलं. एसटी कर्मचाऱ्यांचा संप पाच महिन्यांहून अधिक चालला. शहरातल्या माणसाकडे रिक्षा, लोकल, मेट्रो होती. आजऱ्यासारख्या तालुक्यात शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुली आणि दवाखान्यात जाणारे वृद्ध यांच्याकडे एसटीशिवाय फारसं काही नव्हतं.

त्यानंतर सरकारने प्रवास स्वस्त केला. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एसटी मोफत झाली, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. गर्दी वाढली. स्वस्त तिकिटाचा उपयोग मोठा आहे, पण गाडी असेल तरच. आणि स्टेशनबाहेर दोन तास ताटकळलेल्या बाईला अर्ध्या तिकिटाने तिचा वेळ परत मिळत नाही.

मग रेल्वेची मागणी सोडून द्यायची?

अजिबात नाही. कोल्हापूर ते वैभववाडी या सुमारे 107 किलोमीटरच्या मार्गाला 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली. तो झाला तर देश आणि कोकण यांच्यातली सह्याद्रीची ती भिंत पहिल्यांदा मधोमध फुटेल. कोल्हापूर शेवटचं स्टेशन राहणार नाही. मालवाहतुकीला, कोकणातल्या बंदरांना आणि एकूण जिल्ह्याला त्याचा फायदा होईल. पण मंजुरीनंतर इतकी वर्षं गेली तरी या मार्गावर गाडी धावलेली नाही.

आणि धावली तरी हा मार्ग गगनबावड्याच्या बाजूने जाईल, आजऱ्यापासून लांब. म्हणजे आजऱ्याच्या माणसाला तेव्हाही आधी बस पकडून कोल्हापूरला जावं लागेल. नवी रेल्वे आली तरी तिच्याशी जोडणारी बस हाच प्रश्न उरणार.

रेल्वेवर प्रेम करणारे लोक इंजिनाचा नंबर, डब्यांची रचना, घाटातले बोगदे पाठ करतात. हे वेड चांगलंच आहे. पण रेल्वेची खरी ताकद तिच्या वेळापत्रकात आहे. अमुक गाडी अमुक वाजता येणार, यावर हजारो अनोळखी माणसं एकाच वेळी विश्वास ठेवतात आणि आपला दिवस त्यावर आखतात. हा विश्वास स्टेशनच्या दाराबाहेर संपतो, तिथून आजऱ्याचा ऐंशी किलोमीटरचा प्रवास सुरू होतो.

या ऐंशी किलोमीटरसाठी रूळ, बोगदा किंवा जमीन संपादन लागत नाही. लागते ती एक बैठक, ज्यात आजरा, कोल्हापूर आणि सावंतवाडीचे एसटी अधिकारी रेल्वेचं वेळापत्रक समोर ठेवून बसतील. पुढच्या वेळी कुणी उमेदवार 'आजऱ्याला रेल्वे आणणार' म्हणाला, तर त्याला हेही विचारता येईल: ती येईपर्यंत, सकाळच्या गाडीने उतरणाऱ्यासाठी कोल्हापूर स्टेशनबाहेर आजऱ्याची बस किती वाजता उभी असेल?